अंगठ्याला कोण विचारतं?

दोस्तांनो, काळ्यांचा लढा म्हटला की आपण किंगचं भाषण सांगतो, माल्कमचा फोटो भिंतीवर चिकटवतो. सेप्टिमा क्लार्क कोण, विचारा. सगळे चिडीचूप!

साउथ कॅरोलिनातली ही मास्तरीण. १९५६ साली सरकारने फर्मान काढलं : काळ्यांची संघटना सोडा, नाहीतर नोकरी सोडा. बाईने संघटना सोडली नाही. चाळीस वर्षांची मास्तरकी गेली, पेन्शन गेलं. वय अठ्ठावन्न.

रडत बसली काय? १९५७च्या जानेवारीत जॉन्स बेटावर मोठ्या माणसांची शाळा उभी केली. पुढे किराणा दुकान, मागे वर्ग. गोऱ्यांना वास लागू नये म्हणून. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, पार्लरवाली! शिकायचं काय? सही, मनिऑर्डर, घटनेतलं कलम. वाचता येत नाही त्याचं नाव मतदारयादीत नाही, असा तिथला कायदा. डॉकवर पगाराच्या कागदावर अंगठा उठवणारे म्हातारे मी पाहिलेत. म्हणून ही बाई मला कळते.

१९६१ साली किंगच्या संघटनेने या शाळा चालवायला घेतल्या. पण तिथले बाप्ये बायकांचं ऐकून घेत नसत. हे तिनेच सांगून ठेवलंय.

आपल्या परवाच्या सभेत स्टेजवर नऊ खुर्च्या होत्या. मोजल्या मी. बाई एकीवरही नव्हती.