चीक पाजण्याआधी रक्त तपासा

केंटकीतल्या लेक्सिंग्टनभोवतीच्या स्टड फार्मवर घोड्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. घोडीचा रक्तगटही तितक्याच कसोशीने पाहायला हवा.

घोडीच्या रक्तात ‘एए’ किंवा ‘क्यूए’ हा घटक नसेल आणि शिंगराने तो बापाकडून घेतला असेल, तर तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पहिले शिंगरू बहुधा सुटते, धोका पुढच्यांना. ही प्रतिपिंडे वारेतून जात नाहीत, चिकातून जातात आणि शिंगराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. ठणठणीत जन्मलेले, धडपडत उभे राहून आईला लुचलेले शिंगरू दिवस-दोन दिवसांत मलूल होते, धापा टाकते, हिरड्या पिवळ्या पडतात.

हे टाळता येते. विण्याआधीच्या काही आठवड्यांत घोडीचे रक्त या प्रतिपिंडांसाठी तपासायचे. धोका दिसला तर शिंगराला मुसके बांधायचे, दुसऱ्या घोडीचा सुरक्षित चीक पाजायचा.

अमेरिकेत थरोब्रेड जातीच्या घोड्यांची नोंदणी करणाऱ्या जॉकी क्लबने पितृत्वासाठी १९८७पासून रक्तगट चाचणी लावली होती. २००१मध्ये तिच्या जागी डीएनए आले. त्यातून बाप पक्का कळतो, हा धोका कळत नाही. म्हणून पैदासकारांनी घोडा ठरवण्याआधीच घोडीचा रक्तगट तपासून घ्यावा.