धुक्यातलं शिवार

मार्गशीर्ष-पौष आला की आपल्याकडे फिरायला जाणाऱ्यांच्या हातात मोबाईल किंवा कॅमेरा असतोच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. रात्र निरभ्र असली, वारा पडला की जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतच्या दमट हवेचे बारीक थेंब होतात. हेच धुके. एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले, तरच हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. आपल्या घरात मात्र एवढा हिशेब कुणी करत नाही. आजी 'धुकं' म्हणते, सून 'मंजू' म्हणते; दंवाला एकीचा शब्द 'दंव', दुसरीचा 'इब्बनी'. गारवा दोघींना सारखाच!

शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात हे धुके छान मिळते. भात कापून झालेले असते, त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा उभा असतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचावे. नुसत्या धुक्याचा फोटो म्हणजे पांढरा कागद. म्हणून जवळ एखादे झाड, बुजगावणे किंवा बैलजोडी हवी. कॅमेरा पांढऱ्याला करडे समजतो, तेव्हा उजेड एक घर वाढवावा. मोबाईलवर पडद्याला बोट लावून सूर्याचे चिन्ह वर सरकवले की झाले. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर समोरचे थेंबच चमकतात. वरून पाहायचे असेल तर राजहंसगड आहेच.

मात्र बांधावर उभे राहण्याआधी मालकाला विचारावे. मागच्या हिवाळ्यात एका वयस्क शेतकरीमामांनी मला हसत परवानगी दिली आणि म्हणाले, "सर, तुमास्नी हे बरं दिसतंय. आमी मात्र ऊन कधी पडतंय ते बघतोय." सलग चार दिवस धुके राहिले की वाटाण्यावर भुरीची धास्ती, आंब्या-काजूच्या मोहोराची काळजी. आपल्या सुंदर सकाळीला त्यांच्या घरी वेगळे नाव असते. त्यांना फोटोची एक प्रत नेऊन दिली, तर ती देवघराशेजारी लागते, हा माझा अनुभव.

आणखी एक गोष्ट. असे धुके सखल, ओल्या जागी आधी साचते. म्हणजे ते आपल्याला न विचारता ओलाव्याचा नकाशा काढून दाखवते. बासमतीसाठी नावाजलेली जमीन हीच. माझ्याकडच्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या काही फोटोंत जिथे धुक्याची चादर आहे, तिथे आज भराव, प्लॉटचे दगड आणि पत्र्याची कुंपणे आहेत. डांबर-सिमेंट रात्रभर ऊब धरून ठेवते आणि ओल तर भरावाखाली गेलेली. तिथे धुके पूर्वीसारखे उतरत नाही. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी मात्र आपली जुनी जागा शोधत येते.

म्हणून वाचकहो, एक सुचवतो. मुलांना घेऊन आपल्या किंवा मामाच्या गावचा एकच बांध निवडा. दरवर्षी त्याच सुमारास, त्याच जागेवरून एक फोटो काढा आणि मागे तारीख, गाव, पीक लिहा. मराठीत लिहा, कन्नडात लिहा. बक्षीस मिळो न मिळो, आपली जमीन कशी होती, हे नातवंडांना दाखवायला घरात काहीतरी राहील.