लाखाचा जोडा, उधारीची मेहर

निकाहाला काय लागतं? दोघांची रजामंदी, साक्षीदार आणि मेहर. या यादीत जोडा कुठेच नाही. तरीही आपल्या घरांत सर्वांत जास्त बैठका होतात त्या जोड्यावर, आणि मेहरचा विषय काझीसाहेब रजिस्टर उघडून विचारतात तेव्हा दोन मिनिटांत उरकला जातो. जोडा लाखाच्या घरात जातो. मेहर काही हजारांची लिहितात आणि पुढे 'उधार' असा शेरा मारतात. हे उलटं गणित सुलटं करायचा पहिला हक्क, जिच्या अंगावर तो जोडा चढणार त्या मुलीचा आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधा नियम असतो: वस्तू जो वापरणार, त्याला आधी विचारायचं. लग्नाच्या जोड्याला हा नियम लागू होत नाही. जोडा बरीत येतो, म्हणजे सासरकडून. रंग नणंद पसंत करते. किंमत ठरते ती बिरादरीत मागच्या लग्नात काय आलं होतं यावरून. मुलीकडून मागवतात फक्त माप. जिच्या 'कुबूल' शिवाय निकाहच होत नाही, तिला त्या दिवशी काय नेसायचं हे विचारायला कुणाला सुचत नाही.

मी माझा जोडा स्वतः कागदावर काढला आणि शिवून घेतला. सासरी एकच निरोप पाठवला: जोड्यासाठी बाजूला काढलेले 90 हजार मेहरमध्ये घाला, कपडे मी माझ्या पगारातून करते. ठरलेली मेहर 11 हजार होती. ती 1 लाख 1 हजार झाली आणि निकाहाच्या वेळीच माझ्या खात्यात आली. त्याआधी दोन आठवडे फोन चालले. 'आमच्या इज्जतीचं काय?' असं विचारलं गेलं. सूरह अन-निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांची मेहर खुशीनं देण्याचा हुकूम आहे. इज्जतीचा प्रश्न असेलच, तर तो इथे आहे. घागऱ्याच्या घेरात नाही.

कापडाचंही सांगते. आमचं घर सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या वाटेवर. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो. ढिवर समाजाची माणसं झाडावरच्या अळ्यांना पाखरांपासून राखतात. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात तो विणला जातो. करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेल्या इथल्या करवती साडीला भौगोलिक मानांकन आहे. आणि नागपूरच्या एका मोठ्या दुकानात मी नवरीसाठी कोसा मागितला, तेव्हा उत्तर मिळालं, 'मॅडम, कोसा पुढाऱ्यांच्या जाकिटाला चालतो.' आपल्या जंगलातला धागा आपल्याच लग्नात परका!

माझं चित्र साधं होतं: पोटरीपर्यंतचा कुर्ता, गरारा, करवती किनारीची पिवळी ओढणी. ते चित्र जसंच्या तसं अंगावर आलं नाही, आणि ते बरंच झालं. मास्टरनी आधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर घालून पाहायला लावला. घट्ट बसवलेला कोसा शिवणीजवळ विरतो, म्हणून माया जास्त सोडली आणि आत अस्तर लावलं. अड्ड्यावर बसणाऱ्या जरदोजी कारागिरानं गळ्याचं काम अर्धं केलं, कारण वजनानं गळा ओघळला असता. गराऱ्याला खिसा हवा, हा माझा हट्ट दोघांनाही नवा होता, पण त्यांनी तो पुरवला. कापड 14,500, शिलाई 4,000, जरदोजी 8,500. एकूण 27 हजार. यातला प्रत्येक रुपया कुणाच्या हातात पडला ते मला माहीत आहे. तयार घागऱ्याच्या पावतीवर कारागिराचं नाव कधी वाचलंय कुणी?

आता आक्षेप. एका खालांनी विचारलं, 'पिवळा तर कचारगडच्या जत्रेतला रंग, निकाहात कशाला?' जत्रेत आमचं बांगड्यांचं दुकान लागतं. माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड बांधव पिवळे फेटे बांधून येतात आणि पारी कुपार लिंगो, रायताड जंगो यांचं स्मरण करतात. त्यांची चिन्हं मी घेतली नाहीत. ती त्यांची आहेत. रंग मात्र हळदीचा आहे, आणि हळद आपल्याही नवरीला लागते. घ्यायचंच असेल तर त्यांच्याकडून आणखी एक घ्यावं: गोंडांमध्ये मुलाकडच्यांनी मुलीकडे वधूमूल्य देण्याची जुनी रीत आहे. मेहरची दिशाही तीच, फक्त ती बापाच्या नाही, मुलीच्या हातात पडायची असते. आपण मात्र ती दिशा उलटी करून हुंड्याच्या रांगेत जाऊन बसलो. 1961 चा हुंडाबंदी कायदा मेहरला हुंडा मानत नाही, पण हुंडा घेणाऱ्या मुसलमानाला सूटही देत नाही.

दुसरा आक्षेप: 'हे शिकलेल्या, कमावत्या मुलींचे चोचले.' उलट आहे. कर्ज काढून जोडा घेणारं घर बहुतेकदा कमी कमाईचंच असतं. गल्लीतल्या मास्टरकडे सुती कापडातही स्वतःच्या मनाचा जोडा होतो. त्याला पदवी लागत नाही, घरच्यांनी ऐकून घ्यावं लागतं.

तिसरा: 'परंपरा मोडते.' कुठली? 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियानं लग्नात पांढरा पोशाख घातला आणि होनिटनच्या लेस विणणाऱ्यांना काम मिळावं म्हणून त्यांचीच लेस लावली. त्या एका निवडीची पुढे जगभर परंपरा झाली. परंपरा अशाच सुरू होतात, कुणीतरी विचार करून निवड केली की.

म्हणून जमातीच्या जबाबदार मंडळींना मागणं आहे. मंगनीच्या बैठकीत जोड्याआधी मेहर ठरवा, आणि ती ठरवताना मुलगी समोर असू द्या. बरीच्या जोड्याची रक्कम मेहरमध्ये घेण्याची मुभा तिला उघडपणे द्या. काझीसाहेबांनी 'उधार' लिहिण्यापूर्वी नवऱ्या मुलाला सर्वांदेखत एकदा विचारावं, 'आज का नाही?' आणि मुलींनो, जोड्याचं चित्र तुम्ही काढा. वाकडं आलं तरी चालेल, मास्टर सरळ करून देतात.