विसरू नको म्हणणारं फूल आणि ताईचा बकुळीहार

परवा रात्री साडेदहाला मोबाईल वाजला. या वयात अवेळी मोबाईल वाजला की आधी छातीत धस्स होतं. पण बातमी तशी नव्हती. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्टुटगार्टच्या भाचीनं एक फोटो टाकला होता. नाजूक साखळी, तिला काचेसारखा पारदर्शक लोलक, आणि लोलकात एक इवलंसं निळं फूल. पाच पाकळ्या, मधोमध पिवळा ठिपका. खाली तिनं लिहिलं होतं, "आईचा बकुळीहार असाच लॉकरमध्ये पडून आहे. तो मोडून चौघांना असं एकेक करू या का? हे फर्गेट-मी-नॉट आहे. सोन्याची सारखी वाटणी होईल आणि आईची आठवण रोज गळ्यात राहील."

दहा मिनिटांत ग्रुपवर अंगठेच अंगठे! माझा अंगठा काही उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "मावशी, तू काहीच बोलली नाहीस?"

बोलते. पण चार ओळींत मावणारी गोष्ट नाही, म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवरची मंडळी हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरात आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे, तेव्हा तुम्हीही ऐका.

माझं मत आधीच सांगून टाकते. हार मोडू नये. आणि आठवण ही दुकानात तयार मिळणारी वस्तू आहे, असं समजणं तर मुळीच बरोबर नाही.

आता कुणी म्हणेल, मराठी घेऊन बीए झालेल्या लोणावळ्याच्या मास्तरणीला या विलायती फुलातलं काय कळतं? म्हणून आधी अभ्यास केला. चाळीस वर्षं मुलांना गृहपाठ दिला, एकदा स्वतः करायला काय हरकत!

या फुलाचं शास्त्रीय नाव मायोसोटिस, म्हणजे ग्रीक भाषेत उंदराचा कान. पानांच्या आकारावरून ते पडलं. जर्मनीत त्याला फेरगिसमाइननिष्ट म्हणतात, अर्थ तोच, 'मला विसरू नकोस'. दंतकथा अशी की एक सरदार प्रेयसीसाठी नदीकाठची ही फुलं तोडताना पाण्यात पडला आणि बुडता बुडता फुलांचा गुच्छ तिच्याकडे फेकून एवढंच म्हणाला. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात ही फुलं दागिन्यांत आली. निळ्या पाकळ्यांसाठी पिरोजाचे खडे बसवायचे आणि लॉकेटच्या आत गेलेल्या माणसाच्या केसांची बट ठेवायची. १८६१ मध्ये राणीचा नवरा गेला. तिनं १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, दुखवटा पाळला आणि असल्या दागिन्यांची मोठीच चलती झाली. भाचीनं पाठवलेला लोलक त्याच घराण्यातला, फक्त पिरोजाच्या जागी खरं वाळवलेलं फूल आणि काचेच्या जागी रेझिन.

पण मला सगळ्यात भिडली ती न्यूफाउंडलंडची हकीकत. कॅनडाच्या पूर्व टोकाचं हे बेट. पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये बोमाँ-आमेल इथं त्यांच्या पलटणीचे आठशेच्या आसपास जवान चढाईला निघाले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा 'हजर' म्हणायला अडुसष्ट जण उरले होते. तिथले लोक अजूनही १ जुलैला हे फूल छातीवर लावतात.

मी जन्मभर हजेरी घेतली आहे. पटावर नाव आहे आणि उत्तर येत नाही, तेव्हा वर्गात कसली शांतता पसरते ते मला माहीत आहे. म्हणून सांगते, तिथे आठवण त्या फुलानं ठेवलेली नाही. दरवर्षी उठून ती हजेरी पुन्हा घेणाऱ्या माणसांनी ठेवली आहे. कुणाची आठवण, काय झालं होतं, हे सांगणारं माणूस नसेल तर ते नुसतं निळं फूल.

फूल परकं आहे म्हणून मी नाक मुरडतेय असंही समजू नका. आपल्या सह्याद्रीत पावसाळा सरताना निसुर्डी फुलते, ती याच कुळातली. तिच्या काटेरी बिया पदराला अशा चिकटतात की घरी येईपर्यंत सुटत नाहीत. आणि आपली पुतळ्यांची माळ तरी कुठली? पेशवाईच्या काळात पुतळी म्हणजे व्हेनिसहून आलेली सोन्याची मोहर. तिच्यावरची माणसं कोण, हे न विचारता आपल्या आज्यापणज्यांनी ती गळ्यात घातली आणि आपली केली. परकं आपलं करायला आपण कधीच भ्यालो नाही.

माझं भांडण वेगळं आहे. नवी आठवण करण्यासाठी जुनी आटवायची, हे मला मान्य नाही.

आता त्या हाराबद्दल. साठ फुलांचा तो हार आमच्या आजीचा. बकुळीच्या फुलाला सुई लागत नाही, मधोमध आपसूक भोक असतं, दोरा घातला की गजरा. आणि बकुळ वाळली तरी वास सोडत नाही. आई पुस्तकात ठेवायची, दोन-तीन वर्षांनी पान उघडलं तरी यायचा. ज्या कुणी पहिल्यांदा सोन्याची बकुळ घडवली असेल त्याच्या मनात हेच असणार. सुकल्यावरही राहतं ते फूल. मग विसरू नको म्हणणारं फूल आपल्याकडे नव्हतं असं कोण म्हणतं? फक्त आपलं फूल बोलून दाखवत नाही.

त्या साठातलं एक फूल चेपलेलं आहे. कडेला दोन बारीक खाचा आहेत. पोरींनो, ती तुमच्या आईच्या दातांची खूण आहे! ताई सात-आठ महिन्यांची असताना आईच्या कडेवर बसून तिनं हार तोंडात घातला आणि नुकत्याच आलेल्या दोन दातांनी करकचून चावली. आई पुढे कितीतरी वर्षं तो हार घातला की ते फूल चाचपून म्हणायची, "हे माझ्या थोरलीचं." सोनाराकडून नीट करून घे म्हटलं तर ऐकायची नाही.

तुम्हाला हे माहीत नव्हतं ना? कसं असणार? ताईनं सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. चूक तुमची नाही, आमची आहे. पण आता कळल्यावर सांगा, केसांची बट रेझिनमध्ये घालून जी आठवण तुम्ही करून घेणार, तिच्यापेक्षा ही खूण खरी नाही का? आणि मुशीत गेल्यावर ती पहिल्या मिनिटाला जाणार.

हे मी कुठल्या अधिकारानं बोलते? गुन्हेगाराच्या. १९९४ साली लेकीच्या लग्नात मी सासूबाईंची पुतळ्यांची माळ मोडली. त्या तेव्हा नव्हत्या, विचारायचं कुणाला? सराफानं माळ वजनात टाकली, आतल्या लाखेची आणि डाकाची तूट धरली, वर नव्याची घडणावळ लावली. बांगड्या झाल्या. पुढे लेकीनं त्या जुन्या पद्धतीच्या म्हणून पुन्हा मोडल्या. आज माझ्याकडे पिवळी पडलेली पावती आहे. तिच्यावर वजन आहे, तोळे-मासे-गुंजा नव्हे, ग्रॅममध्ये, अगदी काटेकोर. पण माळेत पुतळ्या किती होत्या ते मला आठवत नाही. सासूबाई ती कुठल्या सणाला घालायच्या, तेही धड सांगता येत नाही. आपण 'जुनं ते सोनं' म्हणतो आणि त्याचा अर्थ वितळवायला सोपं, असा घेतो.

मग काही मोडायचंच नाही का? तसंही नाही. १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. राष्ट्रीय संरक्षण निधीला लोक सोनं देत होते. आईनं हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक काढून दिली. आम्हा सगळ्यांना समोर बसवून, कशासाठी देतेय ते सांगून दिली. उरलेली शेवटपर्यंत एकाच हातात राहिली, दुसऱ्या हातात नुसती काच. दिलेली पाटली साठ वर्षांपूर्वी आटली, पण ती मला सासूबाईंच्या माळेपेक्षा स्पष्ट दिसते. कारण ती सांगून गेली. माळ गुपचूप गेली.

म्हणजे प्रश्न सोन्याचा नाहीच. प्रश्न नावाचा आहे.

आपल्या मावळात याचा दोन हजार वर्षांचा दाखला आहे. कार्ल्याच्या लेण्यात आपण शंभर वेळा गेलो, एकवीरेला नारळ वाढवला, वडे खाल्ले नि खाली उतरलो. पुढच्या वेळी चैत्यगृहातले खांब बघा. त्यांच्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत, कुणी धेनुकाकटाचे यवन, कुणी आणखी कुठले. त्यातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचा. लेखात म्हटलंय की हा खांब धातूंसह, म्हणजे पवित्र अवशेषांसह दिला आहे. खांबावर कमळ कोरलंय आणि कमळाच्या मधोमध अवशेष ठेवायची खाच आहे. दगडातलं लॉकेटच म्हणा ना! फुलाच्या पोटात ठेवा. पण तो ठेवा आपल्याला आज कळतो तो कमळामुळे नाही. शेजारी दोन ओळी लिहिल्यात म्हणून कळतो.

आणि आमच्या कपाटात? १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्किंग सक्तीचं झालं. आता नव्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी क्रमांक असतो, भिंगातून बघावा लागतो इतका बारीक. सोनं किती शुद्ध, कुणी तपासलं, सगळं त्यावरून कळतं. सरकारनं दागिन्याला ओळख दिली, ही चांगलीच गोष्ट. घरानं मात्र द्यायची ती ओळख दिली नाही.

तुमचे मुद्दे मला मान्य नाहीत असं नाही. लॉकरचं भाडं फुकट जातं, खरं आहे. साडेतीन तोळ्यांचा हार घालून हल्ली लोकलमध्ये बसता येत नाही, हेही खरं. चौघांत एक हार, एकानं ठेवला तर तिघांच्या मनात किल्मिष राहणार. सोन्यानं भावंडं तुटलेली मी पाहिली आहेत, ताईला ते कधीच आवडलं नसतं. आणि रोज आईला जवळ ठेवावंसं वाटतं, परदेशात तर जास्तच, ते मला कळत नाही असं का वाटतं तुम्हाला? अस्थी इंद्रायणीत सोडल्या की आपल्या हातात काही उरत नाही. देवघरातला टाक सासरी किंवा जर्मनीला नेता येत नाही. मुलींनी काय करायचं, याचा विचार आपल्या रीतीभातींनी फारसा केला नाही, हेही कबूल करते.

पण उपाय त्या हारातच आहे की! हार साठ सुट्या फुलांचा आहे. विस्तवाजवळ न्यायची गरजच काय? पटवेकऱ्याकडे जा, हार सोडवा. पंधरा-पंधरा फुलं चौघांना, रेशमात गाठवून घ्या. गळ्यात नको तर मनगटाला बांधा. तूट नाही, घडणावळ नाही, जीएसटी नाही, उगीच सराफाचं घर भरायला नको. वजनात गुंजभर फरक पडला तर पडू दे, चेपलेल्या फुलासाठी चिठ्ठ्या टाका. आणि स्टुटगार्टवाले, तुझ्या पंधरातलं एखादं त्या निळ्या फुलाशेजारी लटकव हवं तर. छान दिसेल. माझी ना नाही.

एक अट मात्र आहे. वाटणीच्या दिवशी सगळे लोणावळ्याला माझ्याकडे या. जर्मनीची व्हिडिओवर बसेल. मी वही आणून ठेवली आहे, शाळेतली असते तशी, दोनशे पानी. डबा उघडायचा आणि एकेक डाग हातात घेऊन विचारायचं, कुणाचा? कुणी दिला? कधी? मला माहीत असेल ते मी सांगेन, नसेल तिथे रेघ मारून जागा कोरी सोडू. सासूबाईंच्या माळेचं पान मी आधीच लिहिलंय. त्यावर कोरी जागा फार आहे.

ब्लॉगमित्रांनो, तुम्हीही करून बघा. लक्ष्मीपूजनाला दागिने ताटात काढालच. हळदकुंकू वाहून झालं की लगेच डबा बंद करू नका. घरात सत्तरी ओलांडलेलं जे माणूस असेल त्याला ताटाजवळ बसवा आणि लिहून घ्या. आमची पिढी आहे तोवर हजेरीला उत्तर येईल, नंतर कुणाला विचाराल?

असो. फार लांबलं. पोरींनो, ग्रुपवर आता अंगठे नकोत. तारीख कळवा.