‘नापास’ शेरा गेला, ‘ढ’ मात्र वर्गातच

असीरगढ (जि. बुऱ्हाणपूर) : ‘नापास’ हा शब्द हद्दीच्या दोन्ही बाजूंनी मवाळ झालाय. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आला. मध्य प्रदेशात २०१६ साली ‘रुक जाना नहीं’ योजना आली आणि तिच्यात नापास मुलांना पुन्हा परीक्षा देता येऊ लागली. पण शिक्का बसतो तो दहावीच्या कितीतरी आधी, पहिली-दुसरीतच.

आपल्या पट्ट्यात घरी मराठी, निमाडी किंवा कोरकू आणि शाळेत हिंदी. रावेरकडे गेलं की शाळा मराठी, म्हणजे तिथे दुसरी मुलं अडतात. मूल उत्तराआधी थांबतं ते शब्द शोधायला. गुरुजींना वाटतं, याला येत नाही. इकडे तो ‘कमजोर’, तिकडे ‘ढ’. मग त्याला प्रश्न विचारणं बंद होतं, तोही हात वर करायचं सोडतो. शिक्का असा खरा ठरतो.

१९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचातलं एक मूल कसंही निवडून ‘ही मुलं यंदा चमकतील’ असं शिक्षकांना सांगितलं होतं. पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच पुढे गेली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहान दिसला, पण दिसला.

मागे पडलेल्या मुलाला वेगळा वेळ हवाच. फक्त नाव मुलाला नको, अडचणीला द्या. ‘हा कच्चा आहे’ नव्हे, ‘याचा हातचा चुकतो’. पुढच्या पालकसभेत ‘कसा आहे?’ऐवजी ‘कुठे अडतंय?’ एवढं विचारून बघा.