३ हजार की १० हजार? इंजिन ऑइलचा आकडा नेमका ठरवायचा कुणी?

चौकातला मेकॅनिक म्हणतो, "तीन हजार झाले की बदलून टाका." गाडीसोबत आलेलं पुस्तक म्हणतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. मोबाइलवरची रील सांगते, फुल सिंथेटिक टाका आणि पंधरा हजारांपर्यंत विसरून जा. त्यात २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल देशभरातल्या पंपांवर आलं आणि 'आता ऑइलही लवकर बदलावं लागणार का?' हा नवा प्रश्न वाढला.

एकाच गाडीला तीन आकडे. गंमत म्हणजे यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी बरोबर आहे. अडचण एवढीच की तो तुमच्या गाडीसाठी बरोबर आहे का, हे सांगणारा कुणी नसतो. गरज नसताना ऑइल बदललं तर दरवर्षी काही हजार रुपये वाया जातात. गरज असताना नाही बदललं तर एक दिवस इंजिनचं काम निघतं, आणि दिवसभर गाडी चालवून घर चालवणाऱ्याची तेवढे दिवस कमाई बुडते.

तीन हजारांचा आकडा आला कुठून?

हा आकडा थापेबाजीतून आलेला नाही. तो जुन्या गाड्यांच्या काळातला आहे.

कार्बोरेटरच्या इंजिनात पेट्रोलचं प्रमाण आजच्याइतकं काटेकोर नसायचं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळायचं. ऑइल बहुतेक साधं मिनरल असायचं. शिवाय इंधनात गंधक भरपूर. गंधक जळलं की आम्ल तयार होतं आणि ते मारण्यात ऑइलमधली रसायनं खर्च होतात. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत ३५० होती. बीएस-४ मध्ये ती ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये थेट १० वर.

म्हणजे इंधन स्वच्छ झालं, इंजेक्शन कॉम्प्युटरच्या ताब्यात गेलं, ऑइलचा दर्जाही वाढला. त्यामुळे कारचा कालावधी पाच हजारांवरून दहा हजारांवर जाणं यात फसवणूक नाही. मात्र १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच बाइकना आजही तीन ते सहा हजारांच्या दरम्यान नवीन ऑइल लागतं, कारण त्यांच्या इंजिनात ऑइल मावतंच लिटरभर किंवा त्याहून कमी. कारमध्ये तेच काम तीन-चार लिटर ऑइल वाटून घेतं.

कारवाल्याला बाइकचा आकडा आणि बाइकवाल्याला कारचा आकडा सांगितला जातो, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

मग दहा हजार सगळ्याच कारना चालतात?

नाही. पुस्तकातला मोठा आकडा सगळे वाचतात, त्याच्या पुढच्या पानावरचा छोटा तक्ता कुणी वाचत नाही. बहुतेक कंपन्या 'कठीण वापर' अशा अर्थाचा वेगळा तक्ता देतात. त्यात सतत ट्रॅफिक, धूळ, ओझं, घाट आणि रोजच्या अगदी छोट्या फेऱ्या येतात. अशा वापरात ऑइल बदलण्याचा कालावधी बऱ्याचदा निम्म्यावर येतो.

हे असं का, ते साध्या हिशोबातून कळतं. किलोमीटरचा काटा चाकं मोजतो, इंजिन किती तास फिरलं ते मोजत नाही. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने पाच हजार किलोमीटर व्हायला इंजिन ८३ तास चालतं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये सरासरी १५ वर आली, तर त्याच पाच हजारांसाठी ३३३ तास. काटा एकच आकडा दाखवतो, पण दुसऱ्या गाडीच्या ऑइलने चौपट वेळ काम केलेलं असतं. सिग्नलला उभी असलेली गाडी काट्यावर एक मीटरही पुढे सरकत नाही, ऑइल मात्र तापतच असतं.

उलट टोकही आहे. घरापासून दोन किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणारी कार वर्षाला दोन-तीन हजारच पळते. पण इंजिन पुरतं तापायच्या आत ती बंद होते. आत जमलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही, ते ऑइलमध्ये साचतं. म्हणून 'किंवा एक वर्ष' ही अट असते. गाडी कमी चालते म्हणून तीन वर्षं ऑइल न बदलणं म्हणजे बचत नाही.

ई-२० मुळे हिशोब बदलतो का?

इथेनॉल पाणी धरून ठेवतं, हे खरं आहे. पण ते ७८ अंशांना उकळतं आणि नीट तापलेल्या इंजिनातलं ऑइल त्याहून गरम असतं. म्हणजे जी गाडी रोज अर्धा-पाऊण तास सलग चालते, तिच्या ऑइलमध्ये उतरलेलं थोडंफार इथेनॉल उडून जातं. प्रश्न येतो तो छोट्या फेऱ्यांच्या गाडीचा. ती आधीपासूनच 'कठीण वापरा'त होती, आता थोडी जास्त.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या ई-२० ला चालणाऱ्या सामग्रीच्या आहेत. त्याआधीच्या गाडीत रबरी पाइप, सील यांच्याकडे लक्ष ठेवणं वेगळं आणि घाबरून दर दोन हजारांना ऑइल ओतणं वेगळं. छोट्या फेऱ्यांची जुनी गाडी असेल तर वर्षाऐवजी सहा-आठ महिन्यांनी बदला. रोज लांब पल्ल्याची असेल तर केवळ ई-२० मुळे आकडा बदलायचं कारण नाही.

डब्यावर नेमकं काय वाचायचं?

दुकानात नजर आधी जाते ती 'सिंथेटिक' या मोठ्या अक्षरांवर. कामाची माहिती लहान अक्षरांत असते.

पहिली गोष्ट ग्रेड. '१०डब्ल्यू-३०' मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका कमी, तितकं सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइल वर लवकर पोहोचतं. दुसरा आकडा १०० अंशांना असलेला दाटपणा. ३० पेक्षा ४० दाट, ४० पेक्षा ५० दाट.

'आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून दाट ऑइल घाला' हा सल्ला सर्रास मिळतो. कारमध्ये कूलंट आणि थर्मोस्टॅट इंजिनचं तापमान एका पट्ट्यात राखतात, बाहेर १५ अंश असोत की ४२. हवेवर थंड होणाऱ्या बाइकचं तसं नसतं. ट्रॅफिकमध्ये तिला वारा मिळत नाही, म्हणून अशा काही इंजिनांना कंपनीच १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० सांगते.

आता काही नव्या पेट्रोल कारना ०डब्ल्यू-१६ सारखं पाण्यासारखं पातळ ऑइल लागतं. यामागे कंपनीचा स्वार्थ आहे, अशी शंका अनेक मालकांना येते. ती पूर्ण चुकीची नाही. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर सरकारने २०१७-१८ पासून मर्यादा घातली आणि २०२२-२३ पासून ती कडक केली. पातळ ऑइलने घर्षण घटतं, मायलेज वाढतं, कंपनीचा हिशोब सुधारतो. पण त्या इंजिनातल्या फटी, ऑइल पंप आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा याच पातळ ऑइलसाठी बनवलेली असते. त्यात मनाने २०डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे अरुंद नळीतून काकवी ढकलणं. अनेक पुस्तकांत एकापेक्षा जास्त ग्रेडला परवानगी असते. निवड करायची तर त्या यादीतच.

दुसरी गोष्ट दर्जा. पेट्रोल इंजिनासाठी एपीआयच्या अक्षरांत 'एस' नंतरचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. 'एसएन' २०१० चा, 'एसपी' २०२० चा, 'एसक्यू' २०२५ चा. कारमध्ये जुन्याच्या जागी नवा दर्जा साधारणपणे चालतो, नव्याच्या जागी जुना नाही.

तिसरी गोष्ट बाइकवाल्यांसाठी, आणि सर्वांत जास्त चुकणारी. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, आणि क्लच तर चालतोच घर्षणावर. कारचं महागडं सिंथेटिक बाइकमध्ये टाकलं की क्लच स्लिप व्हायची भीती असते. म्हणून बाइकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' पाहायचं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला बहुधा 'एमबी' सांगितलेलं असतं.

चौथी गोष्ट बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो. पण ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती कायमची साचते. त्यामुळे कमी राखेचं ऑइल लागतं, आणि डब्यावर पुस्तकात दिलेलाच दर्जा असावा लागतो, उदाहरणार्थ युरोपच्या 'एसीईए' संस्थेचा सी२ किंवा सी३. ट्रकचं स्वस्त ऑइल घालून वाचलेले हजार-दोन हजार फिल्टर बदलताना कैक पटींनी परत जातात.

'सिंथेटिक' हा शब्द या चारही गोष्टींनंतर येतो. ते जास्त उष्णता सोसतं, जास्त टिकतं. पण चुकीच्या ग्रेडचं सिंथेटिक हे बरोबर ग्रेडच्या साध्या ऑइलपेक्षा वाईटच.

बदलण्याआधी तपासायला शिका

इंजिन जाम होण्याचं कारण अनेकदा ऑइल जुनं असणं हे नसतं, ऑइल कमी असणं हे असतं. बाइकच्या ९०० मिलीपैकी ३०० मिली दोन महिन्यांत जळून गेलं, तर उरलेल्या ऑइलवर तिप्पट काळजी घेऊनही उपयोग नाही. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून डिपस्टिक पाहायची. महिन्यातून दोनदा, पाच मिनिटांचं काम. रोज शंभर किलोमीटर डिलिव्हरी करणाऱ्याची बाइक महिन्यात तीन हजार पळते, त्याने हे दर आठवड्याला करावं.

डिझेल कारमध्ये डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश व्हायचं कारण नाही. डीपीएफ साफ होण्याची प्रक्रिया शहरात वारंवार अर्धवट सुटली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर जाते. ते पातळ झालेलं ऑइल किलोमीटर न बघता बदलायचं.

आणि रंगावरून निकाल लावू नका. डिझेलचं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. बोटावर काळा ठिपका दाखवून 'संपलंय बघा' म्हणणारा नेहमी बरोबर असतो असं नाही.

बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्याच आदेशात, गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही म्हटलं होतं. कंपन्या त्याविरोधात कोर्टात गेल्या. त्यामुळे वॉरंटी चालू असताना वाद टाळायचा तर अधिकृत सेंटर सोयीचं. बाहेर गेलात तर पुस्तकातल्याच दर्जाचं ऑइल, पक्कं बिल आणि त्यावर काट्याचा आकडा, एवढं जपा.

बाहेर दुसरा धोका बनावट मालाचा. ओळखीच्या ब्रँडचे रिकामे डबे गोळा करून त्यात भलतंच ऑइल भरलं जातं. सील तुमच्यासमोर उघडायला सांगा, डब्यावर क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका.

जुनं ऑइल गेलं कुठे?

गावाकडे जळकं ऑइल वाया जात नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला ते फासलं जातं. उरलेलं गटारात. कायद्याच्या भाषेत हा घातक कचरा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मते एका ऑइल चेंजमधलं जुनं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. भारतात १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुनं ऑइल पुन्हा शुद्ध करून वापरात आणण्याची जबाबदारी टाकली आहे. पहिल्या वर्षाचं लक्ष्य ५ टक्के होतं, पुढे ते वाढत जातं. पण गॅरेजच्या मागच्या गटारापर्यंत हा नियम पोहोचायचा तर जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला देणारं गॅरेज ग्राहकालाच निवडावं लागेल. विनाकारण तीन हजारांना बदललेलं प्रत्येक ऑइल या ढिगात भर घालतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

थोडक्यात, सुरुवात पुस्तकातल्या आकड्यापासून करा. मग स्वतःला विचारा: गाडी ट्रॅफिकमध्ये तासन् तास उभी असते का, रोज दोन-तीन किलोमीटरच जाते का, धूळ किंवा ओझं जास्त आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर कठीण वापराचा तक्ता तुमचा, आणि कालावधी साधारण निम्मा. सगळ्यांची उत्तरं 'नाही' असतील तर पूर्ण आकडा निर्धास्त वापरा. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग मात्र कधीच चुकवू नका, कारण सुरुवातीला घासून निघालेला धातूचा चुरा त्याच ऑइलबरोबर बाहेर पडतो.