मे महिन्यात उघडणारी भेग

दोस्तांनो, या वेळच्या टपालात एक पत्र अमरावतीच्या राजापेठेतून आलंय. आठवीतल्या मुलाचं आहे. नाव छापू नका असं त्याने बजावलंय, तेव्हा छापत नाही. त्याचं घर पणजोबांच्या वेळचं, विटांचं, चुन्यात बांधलेलं. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत एक भेग पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेली आहे. मे महिन्यात तिच्यात रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवता येतात. गणपतीत मात्र नखसुद्धा जात नाही. बाबा दर उन्हाळ्यात ती सिमेंटने बुजवतात, आणि पुढच्या वर्षी ती शेजारून उघडते. काका म्हणतात, घर विकून मोकळे होऊ. आजीने त्या खोलीत झोपणं सोडलंय. शेवटी एकच ओळ: "आमचं घर पडणार आहे का?"

घर न पाहता "नाही" असं लिहून टाकणं खोटेपणाचं होईल. पण या मुलाने अर्धं उत्तर स्वतःच लिहून पाठवलंय. मे महिन्यात उघडते, गणपतीत मिटते! म्हणजे भेग भिंतीत दिसत असली तरी हालचाल भिंतीची नाही, खालच्या जमिनीची आहे.

वऱ्हाडात एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो गावच्या जमिनीचे दोन भाग सांगेल : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे गाव जिच्यावर वसलंय ती. पिकं काळीत आणि घरं पांढरीत, अशी ही जुनी वाटणी. पुढे शहरं वाढली. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये अमरावतीभोवती परकोट बांधायला घेतला. नंतर वस्ती त्या तटाबाहेर पसरत गेली आणि जिथे कापूस-ज्वारी उभी असायची तिथेही पाये खणले गेले. सगळीकडे जमीन सारखी नसते हं. कुठे हातभर खणलं की मुरूम लागतो, तर कुठे पुरुषभर खोल गेलं तरी काळीच निघते.

ही काळी माती आपल्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज होऊन बनली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. (नाव फ्रान्समधल्या एका गावावरून पडलंय. वर्गात एका दमात म्हणून दाखवा!) त्याची रचना वहीच्या पानांसारखी असते, एकावर एक पातळ थर. पाणी या पानांमध्ये शिरतं आणि वही फुगते. वाळली की पुन्हा मिटते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे.

खात्री करायची असेल तर मोठ्या माणसाला सोबत घ्या. वाळलेली काळी माती बारीक कुटून चाळा. दोन सारख्या, उभ्या काचेच्या नळ्यांत किंवा अरुंद ग्लासांत दोन-दोन चमचे माती घाला. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत विचारा. नीट ढवळा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. रॉकेलमधली माती तेवढीच राहील, पाण्यातली वर चढलेली दिसेल. बांधकामाआधी प्रयोगशाळेत माती तपासतात तेव्हा हीच परीक्षा घेतात, फक्त नळीवर मापं कोरलेली असतात.

आता हीच माती घराखाली आहे असं समजा. घराच्या मधोमध, फरशीखाली ऊन पोचत नाही, तिथली ओल फारशी हलत नाही. कडेची माती मात्र मे महिन्यात करपून आकसते. मग घराचा कोपरा किंचित खाली बसतो आणि मधला भाग जागीच राहतो. भिंत बिचारी दोघांत ओढली जाते. जिथे ती कच्ची, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्याशी, तिथून ती फाटते. विटांपेक्षा सांधे मऊ, म्हणून भेग सांध्यासांध्यांतून पायऱ्यांनी चढते आणि बहुधा वर जास्त रुंद असते. पाऊस आला की माती फुगते, कोपरा उचलला जातो आणि भेग मिटते.

बाबांचं सिमेंट का टिकत नाही ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. उघडलेल्या भेगेत त्यांनी दगडासारखी कडक पाचर ठोकली. पावसाळ्यात भिंत मिटायला गेली तर मध्ये पाचर! दाराच्या बिजागरीत खडा अडकला की दार कसं कुरकुरतं, तसंच. मग भिंत शेजारी नवी वाट काढते. बाबांची मेहनत खरी, महिना चुकला आणि मालही.

तेव्हा आधी थापी नको, आधी पाणी बघू. मातीला ओल-कोरड सगळीकडे सारखी मिळाली की ती शांत असते. घराभोवती चक्कर मारा. पन्हाळीचं पाणी पायाशीच पडतं का? मोरीचा पाइप फुटलाय का? आणि कूलर! अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही. पण तो एका खिडकीला टांगलेला असतो आणि चार महिने त्याच कोपऱ्यात पाणी ठिबकतं. बाकीची जमीन भाजून निघतेय आणि हा एक कोपरा चिंब. काळ्या मातीत यासारखा खोडकरपणा दुसरा नाही. कूलरचं पाणी नळीने लांब न्या. भिंतीलगत चार-पाच फूट रुंद फरसबंदी करून तिचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला, तर ऊन आणि पाऊस दोन्ही पायापासून दूर राहतात.

मोठ्या झाडाकडेही बघा. मुळं मातीतलं पाणी ओढतात. इंग्लंडमध्ये लंडनच्या खालीही अशीच फुगणारी चिकणमाती आहे. १९७६ च्या दुष्काळात तिथल्या असंख्य घरांना तडे गेले आणि त्यांत घराजवळच्या झाडांचाही हात होता. पण म्हणून कडुलिंबावर कुऱ्हाड घालायला धावू नका. मोठं झाड एकदम तोडलं तर ते पीत होतं ते पाणी मातीतच राहतं, माती फुगते आणि घर उलट वर उचललं जातं. अशा वेळी जाणकाराला विचारूनच काय ते करावं. नवं रोप मात्र लांब लावा.

पाण्याचा बंदोबस्त झाला की मग गवंडीकाकांना बोलवा. चुन्यातल्या वीटकामाला चुनाच हवा, हे त्यांना आवर्जून सांगा. काही जण हसतील, "आता चुना कोण वापरतं?" म्हणतील. त्यांना बाळापूरला पाठवा! अकोला जिल्ह्यात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ उंचवट्यावर बाळापूरचा किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो सुरू केला असं सांगतात; एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने तो १७५७ मध्ये पुरा केला. त्याचे उंच तट आणि बुरूज विटांचे आहेत, सिमेंट जन्माला यायच्या आधीचे.

चुन्याची गंमत अशी. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसून, तापून विरतो. (हे काम मोठ्यांचं. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, लांब उभे राहा.) हा चुना भिंतीत गेल्यावर हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. तो सिमेंटइतका कडक नसतो, थोडं सोसून घेतो. केसासारखी बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिथे साचून ती बुजतेसुद्धा. शिवाय भिंतीतली ओल चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. सांधे सिमेंटने बंद केले की ती ओल विटेतून वाट काढते, विटेला लोणा लागतो आणि खपल्या पडतात. जुन्या घरांत सिमेंट जसंच्या तसं आणि वीट खाल्लेली अशी भिंत दिसते ना, ती याच कारणाने.

कामाला दिवाळीनंतरचे दिवस बरे. तेव्हा भेग ना पुरती उघडी असते ना पुरती मिटलेली आणि चुना उन्हाने करपत नाही. गवंडी सांधे बोटाच्या पेराएवढे खोल खरवडतो, धूळ झाडतो, पाणी मारतो आणि एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू असा माल दाबून भरतो. याला दरजा भरणं म्हणतात. भेगेवर ज्या विटा फुटल्यात त्या काढून भेगेच्या दोन्ही बाजूंना धरतील अशा अख्ख्या विटा बसवतो. कापडाला टाका घालावा तसं. विटा आधी पाण्यात बुडवायच्या, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. मग आठवडाभर ओलं गोणपाट लावायचं. ते ओलं ठेवणं मात्र तुमचं काम.

नवं घर बांधणाऱ्यांसाठी दोन नावं सांगून ठेवतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी खाली फुगा असलेले खांब रूढ केले. जिथे ओल फारशी बदलत नाही तितक्या खोलीवर, सुमारे साडेतीन मीटरवर, ते पाय रोवून उभे राहतात. आणि मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर वर दाबून घातला तर खालची काळी माती गप्प बसते. आपला चांगला मुरूम या कामाला चालतो.

आता राजापेठेच्या मित्रा, तुझं काम. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक बारीक फुली काढ, बरोबर पाच सेंटिमीटर अंतरावर. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच पट्टीने अंतर मोजून वहीत लिही. त्या महिन्यात पाऊस किती पडला, कूलर कुठे होता, तेही लिही. वर्षभर. भेग उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात पहिल्या मापावर येत असेल तर वर सांगितलेले उपाय पुरण्याची आशा आहे. पण पावसाळ्यातही ती मिटली नाही, दर वर्षी आधीपेक्षा रुंद होत गेली, भिंत ओळंब्यातून बाहेर झुकली किंवा छताची तुळई भिंतीतून सरकताना दिसली, तर वही घेऊन बाबांबरोबर त्याच दिवशी इंजिनिअरकडे जा. तुझी ती वही त्याला फार उपयोगी पडेल.

काकांना एवढंच सांग की विकण्याचं बोलणं एक वर्ष थांबवा. आजीला मात्र तोवर दुसऱ्याच खोलीत झोपू दे, आणि मोजायला जाशील तेव्हा तिला हाताला धरून ने. "काऊन रे, भिंतीवर फुल्या काऊन काढल्या?" असं ती विचारेलच. तेव्हा काळी-पांढरीची गोष्ट तिच्याकडूनच ऐक, माझ्यापेक्षा ती बरी सांगेल. ऐकलीस की मला लिहून पाठव. पहिलं मापही त्याच पत्रात हवंय.